काचेवरचा तीळ

साखळीहून डिचोलीकडे नित्य जा-ये करणाऱ्या माणसाच्या अंगी एक सवय आपोआप मुरते. पुढे खनिजाने भरलेला ट्रक दिसला, की त्याचा पाय नकळत सैल होतो आणि तो ट्रकामागे शंभर-दीडशे पावलांचे अंतर मोकळे सोडतो. ट्रकाच्या मागच्या जोडचाकांच्या बेचक्यात अडकलेला खडा केव्हा सुटेल आणि कोणत्या दिशेने येईल, हे सांगणारे पंचांग अद्याप निघालेले नाही. हे शहाणपण मी वर्षानुवर्षे पाळले. ज्या एका दिवशी घाईपायी ते विसरलो, त्या दिवसाची आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांच्या माझ्या आळसाची ही कबुली आहे.

खाणी आणि आमचा तालुका यांचे नाते जुने आहे. डोंगर पोखरून लोहखनिज काढायचे, ट्रकांनी ते मांडवीकाठच्या धक्क्यांवर न्यायचे आणि तेथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे धाडायचे, हा क्रम येथील दोन-तीन पिढ्यांनी पाहिला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर त्या काही काळ चालल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. रस्ते निवांत झाले, पण त्याबरोबर कित्येक घरांच्या चुलीही मंदावल्या. पुढे २०२२ च्या डिसेंबरातील लिलावात डिचोलीचा पट्टा दिला गेला आणि २०२४ पासून तेथे पुन्हा खनिज निघू लागले. ट्रक परत आले. ज्यांचे पोट त्यांवर होते त्यांना हायसे वाटले, ज्यांच्या दारावरून ते जात होते त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. रस्त्यावरचे लाल खडे मात्र कोणाचे मत न विचारता परत आले.

गेल्या वैशाखातली गोष्ट. मृगाला अद्याप पंधरा दिवस होते. डिचोलीला एका लग्नघरी जायचे होते, मुहूर्त जवळ आला होता आणि पुढे एक भरलेला ट्रक रेंगाळत चालला होता. त्याला ओलांडावे म्हणून मी गाडी जवळ नेली आणि त्याच क्षणी समोरच्या काचेवर ‘टक्’ असा आवाज झाला. काच फुटली नाही. सौभाग्यवतींच्या समोर, काचेच्या डाव्या अंगाला, मसुरीच्या दाण्याएवढी एक पांढुरकी खूण उमटली एवढेच. तिला केसासारखे बारीक चार पाय होते.

“अहो, काचेला तीळ आला,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“असू दे. नव्या गाडीला दृष्ट लागायला नको,” मी म्हणालो. दोघेही हसलो. मुहूर्त साधला, जेवणेही उत्तम झाली.

दुसऱ्या दिवशी साखळीच्या बाजारात नेहमीच्या मेकॅनिकला ती खूण दाखवली. त्याने तिच्यावरून नख फिरवले आणि म्हणाला, “भाऊ, हे माझे काम नव्हे. म्हापशाला एक कारागीर यात रस भरून देतो. तासाभराचे काम आहे. पण पाऊस लागण्याआधी जा. एकदा पाणी आत शिरले, की मग तोही हात लावायचा नाही.”

“फाल्या जाईन,” मी म्हटले.

आम्हा गोवेकरांचा ‘फाल्या’ हा फार उदार शब्द आहे. त्याचा अर्थ कोशात ‘उद्या’ असा असला, तरी व्यवहारात त्यात पुढचा आठवडा, पुढचा महिना आणि प्रसंगी पुढचे वर्षही मावते. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जाईन तेव्हा ते काम करून घ्यावे, असे मी मनाशी ठरवले. शुक्रवार आले आणि गेले. एका शुक्रवारी पाहुणे आले, दुसऱ्या शुक्रवारी विजेचे बिल भरायचे होते, तिसऱ्या शुक्रवारी मृगाची पहिली सर कोसळली. पुढे पुढे तर तो तीळ डोळ्यांना दिसेनासा झाला. रोज दिसणारे व्यंग काही दिवसांनी व्यंग वाटत नाही, हा मनुष्यस्वभावच आहे. घराच्या भिंतीला पडलेली चीर, दाताला लागलेली कीड आणि काचेवरचा तीळ यांच्याशी आपण त्याच सहिष्णुतेने संसार करतो.

श्रावणात बेळगावहून माझ्या थोरल्या बहिणीला माहेरपणाला आणायचे ठरले. तिचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. बसने नको, आपल्या गाडीने आणू, असे मीच मोठेपणाने म्हटले. साखळीहून पर्ये, केरी करीत चोर्ल्याचा घाट चढावा आणि कणकुंबी, जांबोटीवरून बेळगावास उतरावे, ही आमची नेहमीची वाट. जाताना काही झाले नाही. परतताना आकाच्या निरवानिरवीत उशीर झाला, आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत दिवस पुरता मावळला. चोर्ल्याचा श्रावणातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी एवढेच समजावे, की तेथे पाऊस वरून पडत नाही, तो चहूकडून येतो.

काच आतून धुरकटू लागली. मी हीटर पूर्ण उघडून गरम वाऱ्याचा झोत काचेवर सोडला. बाहेर घाटातले गारठलेले पाणी, आत गरम वारा. एका वळणावर पुढचे चाक खड्ड्यात आदळले आणि काचेतून सुकी काटकी मोडावी तसा एक लहान आवाज आला. त्या मसुरीएवढ्या तिळातून एक रेघ निघाली आणि आमच्या डोळ्यांदेखत, कोणी अदृश्य हाताने ओढावी तशी, डावीकडून उजवीकडे सरकत माझ्या समोर येऊन थांबली. तिला येण्यास किती वेळ लागला ते सांगता येत नाही. बहीण मागे जप करीत होती, तिचा एक मणीही पुढे सरकला नसेल.

खरे संकट पुढेच होते. समोरून एक वाहन आले आणि त्याच्या दिव्यांचा प्रकाश त्या चिरेवर पडला. दोन दिव्यांचे वीस दिवे झाले. सबंध काच एखाद्या झुंबरासारखी पेटली आणि मला रस्ता, दरीकडचा कठडा, पांढरी रेघ, काहीही दिसेना. मी ब्रेक दाबला तो केवळ भीतीने, कोणाला पाहून नव्हे. गाडी थांबली, वाहन निघून गेले, डोळे पुन्हा अंधाराला सरावले, तेव्हा आमच्या दिव्यांच्या उजेडात, हाताच्या अंतरावर म्हणावे इतक्या जवळ, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ घेतलेला एक गुराखी आणि त्याची म्हैस उभी होती. तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याला पाहिलेच नव्हते, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. आपल्याला पाहूनच गाडी थांबवली, अशा समजुतीने त्याने हात वर करून मला नमस्कार केला आणि म्हैस हाकत तो निघून गेला.

त्या नमस्काराचा मी धनी नव्हतो. घरी पोचेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेकॅनिक चिरेकडे पाहून एवढेच म्हणाला, “आता रस भरण्याचे काम राहिले नाही, भाऊ. आता काचच.” त्याने रागावून बोलायला हवे होते. तो रागावला नाही, म्हणून अधिक लागले.

एवढीशी खूण एवढा अनर्थ कशी करते, याचा त्यानंतर मी थोडा धांडोळा घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, कारण आपण बडोद्यास असा, इंदुरास असा, हैदराबादेस असा वा आमच्यासारखे गोव्यात असा, घरोघरी आता मोटार आहे आणि खडा कोठेही उडतो.

मोटारीची पुढची काच ही एक काच नसते, त्या दोन काचा असतात. सुमारे दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्या मध्ये पाऊण मिलिमीटरचा एक पारदर्शक, चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा, अशी ती पुरणपोळीसारखी रचना आहे. फ्रान्समधील एदुआर बेनेदिक्तुस हा रसायनज्ञ या कल्पनेचा जनक मानला जातो. १९०३ मध्ये त्याच्या हातून एक काचपात्र खाली पडले. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत पूर्वी ठेवलेल्या द्रवाचा वाळून पातळ पापुद्रा बनला होता, अशी हकीगत सांगतात. मोटारींच्या अपघातांत फुटलेल्या काचेने माणसे जखमी होत असल्याचे त्या काळी सर्वांनाच ठाऊक होते. त्याने या दोन गोष्टींची सांगड घातली आणि १९०९ मध्ये दोन काचांमध्ये पापुद्रा असलेल्या काचेचे पेटंट घेतले. तो पहिला पापुद्रा उन्हाने पिवळा पडे. १९३० नंतरच्या काळात त्याची जागा आजच्या चिवट प्लॅस्टिकने घेतली.

आपल्याकडच्या जुन्या मोटारी आणि ट्रक यांना पुष्कळदा अशी दुहेरी काच नसे. तापवून एकदम थंड केलेली, कठीण केलेली एकेरी काच असे. दाराच्या काचा आजही सामान्यतः तशाच असतात. तिच्यावर खडा बसला, की सबंध काच एका क्षणात खडीसाखरेसारखी पांढरी होई, आणि चालकाला मुठीने भोक पाडून त्यातून रस्ता पाहत गाडी कडेला न्यावी लागे. खाणींच्या रस्त्यावर पुढच्या चौकटीत काचच नसलेली आणि चालकाने तोंडाला पंचा बांधलेली वाहने जुन्या मंडळींना आठवत असतील. त्या मानाने आजची काच फार दयाळू आहे. ती एकदम दगा देत नाही, आधी सूचना देते. आपण त्या सूचनेचा अर्थ ‘सवड आहे’ असा करतो, इतकेच.

आता ती खूण वाढते का? कापडाच्या दुकानात दुकानदार ठाण फाडताना काय करतो ते आठवावे. नुसत्या हाताने काठ फाटता फाटत नाही. तो कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढून सरळ पन्हाभर कापड फाडतो. ओढ सगळ्या कापडावर असते, पण तिचा सगळा भार चिरेच्या टोकाशी असलेल्या एका धाग्यावर येतो. काचेचेही असेच आहे. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात हे गणिताने मांडले. काच हिशेबाने असायला हवी त्याहून कितीतरी दुबळी का असते, याचे उत्तर त्याने तिच्यातील सूक्ष्म चिरांत शोधले. चीर जितकी लांब, तितकी ती पुढे सरकायला लागणारी ओढ कमी. म्हणजे काचेवरचा तीळ जो जो वाढतो, तो तो त्याला वाढणे सोपे होत जाते. कर्जावरच्या चक्रवाढ व्याजाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ही रीत परिचित वाटेल.

ही ओढ येते कोठून? खड्ड्यात चाक आदळले, की गाडीचा सांगाडा किंचित पिळवटतो आणि काचही त्याबरोबर पिळवटते. सगळ्या काचा बंद असताना दार जोराने आपटले, तर आतल्या हवेचा धक्का काचेला बसतो. उन्हात तापलेल्या काचेवर आतून वातानुकूलनाचा गार झोत सोडला, अथवा माझ्यासारखा गार काचेवर गरम झोत सोडला, तर काचेचा एक भाग प्रसरण पावू पाहतो आणि दुसरा पावत नाही. इंदूर-नागपूरकडच्या मे महिन्यात पहिला प्रकार घडतो, आमच्या घाटात दुसरा. त्यात पाण्याची भर. ओलावा चिरेच्या टोकाशी पोचला, की तेथील काचेच्या कणांचे परस्परांशी असलेले बंध तुटणे सोपे होते, असे शास्त्रज्ञ सांगतात. चार महिने पाऊस पडणाऱ्या आमच्या मुलखात काचेवरचा तीळ पावसाळा ओलांडून पलीकडे जाण्याची आशा धरणे म्हणजे वाळवंटीच्या पुरात कागदाची होडी सोडण्यासारखे आहे.

दुरुस्ती कशी करतात, तेही पाहण्यासारखे आहे. ही विद्या अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली आणि मग जगभर पसरली. कारागीर प्रथम त्या खुणेतील काचेचा चुरा काढतो आणि आतला ओलावा वाळवतो. मग काचेला रबरी चूषकाने घट्ट धरून बसणारे एक लहानसे उपकरण खुणेवर बसवतो. पिचकारीसारख्या त्या उपकरणाने आधी चिरेतील हवा ओढून घेतली जाते आणि मग तिच्यात पातळ राळेसारखा रस दाबून भरला जातो. हे दोन-चारदा करावे लागते. रस सगळ्या फाट्यांत पोचला, की त्यावर अतिनील किरणांचा दिवा धरतात. त्याने तो रस घट्ट होतो. वर राहिलेला भाग पात्याने खरवडून, घासून गुळगुळीत केला की काम संपले. तासाभरात माणूस गाडी घेऊन घरी जातो.

रस भरल्याने ती खूण जवळजवळ दिसेनाशी का होते, हे आपल्या गृहिणींना सांगायला नको. चकली तळल्यावर ती कागदावर ठेवली, की तेलाचा डाग पडतो आणि तेवढा कागद अर्धपारदर्शक होतो. कागदाच्या तंतूंमधील हवेमुळे प्रकाश विखुरतो. हवेची जागा तेलाने घेतली, की प्रकाश बराचसा सरळ पार जातो. काचेच्या चिरेत हवा असते म्हणून ती चमकते. रसाचा आणि काचेचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळपास सारखा असल्यामुळे रस भरला की चमक जाते. चोर्ल्याच्या घाटात दोन दिव्यांचे वीस दिवे केले ते चिरेतल्या त्या केसभर हवेने.

परंतु हा उपाय सर्वकाळ उपलब्ध नसतो, हीच यातली ग्यानबाची मेख आहे. खूण लहान, म्हणजे साधारण नाण्याएवढी असावी. घाव फक्त बाहेरच्या काचेला असावा, मधला पापुद्रा वा आतली काच दुखावलेली नसावी. खूण काचेच्या कडेला लागून नसावी, कारण कडेशी ताण अधिक असतो. ती चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर नसावी, कारण उत्तम दुरुस्तीनंतरही किंचित खूण राहतेच. आणि ती ताजी असावी. धूळ, साबण, मेण, पाणी आत शिरले, की रस काचेला धरत नाही. खनिजाच्या लाल धुळीच्या रस्त्यावर तर हे ताजेपण फार दिवस टिकत नाही. नखाने होणाऱ्या कामाला कुऱ्हाड कशाला, असे आपण म्हणतो खरे, पण नखाने होण्याची मुदत टळली, की कुऱ्हाडीवाचून गत्यंतर राहत नाही.

काचेवरची किती मोठी खूण चालावी, याचा इंग्लंडमधील वार्षिक वाहनतपासणीचा दंडक घरगुती मापासाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सुकाणूच्या चाकाच्या मध्याला धरून काचेवर २९० मिलिमीटर रुंदीचा एक पट्टा मानतात. वायपर फिरतो तेवढ्या भागातील त्या पट्ट्यात १० मिलिमीटरहून मोठा घाव असेल, तर गाडी नापास. वायपरच्या उरलेल्या भागात ही मर्यादा ४० मिलिमीटरची. आपल्याकडे केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ यांतील शंभराव्या नियमाने पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे असे बंधन घातले आहे. दोन्ही नियमांमागचा विचार एकच आहे. चालकाला जे दिसत नाही, त्याची किंमत बहुधा रस्त्यावरचा दुसराच कोणी मोजतो.

खडा बसला, तर घरच्या घरी काय करावे? गाडी सावकाश कडेला घ्यावी. खूण कोरडी असेल, तर तिच्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. ती डोळ्यांसमोर येऊ नये, एवढे पाहावे. बोटाने वा नखाने खूण कोरू नये. झटपट चिकटणारा गोंद अथवा नखांना लावायचा रंग त्यात भरू नये. हे उपाय सांगणारे हितचिंतक प्रत्येक नाक्यावर भेटतात, पण त्यामुळे चिरेचे तोंड तेवढे बंद होते आणि कारागिराचा रस आत जाऊ शकत नाही. गाडी धुऊ नये, सावलीत ठेवावी. वातानुकूलनाचा वा गरम हवेचा झोत एकदम पूर्ण सोडू नये. दार आपटू नये, आणि पोरांनाही आपटू देऊ नये. मग पुढच्या दोन-चार दिवसांतच कारागीर गाठावा. शुक्रवारची वाट पाहू नये.

काच बदलण्याचीच वेळ आली, तर तीही गोष्ट हलकी मानू नये. पूर्वी काच रबराच्या पट्टीत बसवीत. आता ती विशिष्ट गोंदाने गाडीच्या सांगाड्याला जोडतात आणि ती त्या सांगाड्याचाच एक भाग होते. गाडी उलटली, तर छताला आधार देण्यात तिचा वाटा असतो. चालकाशेजारच्या आसनापुढील हवेची पिशवी फुगताना अनेक गाड्यांत काचेवरच रेलून बसणाऱ्याकडे वळते. काचच निखळली, तर पिशवी असून नसल्यासारखी. म्हणून नव्या काचेच्या कोपऱ्यातील भारतीय मानकाचे चिन्ह पाहून घ्यावे. वाहनांच्या सुरक्षित काचेचे मानक २५५३ क्रमांकाचे, भाग दुसरा. काच बसवल्यावर गोंद धरेपर्यंत कारागीर सांगेल तितके तास गाडी हलवू नये. काही नव्या मोटारींत आरशामागे काचेला लागून कॅमेरा असतो आणि तो पाहून गाडी स्वतःच ब्रेक लावते. अशा गाडीची काच बदलली, तर त्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते, हे विसरू नये.

आता विम्याविषयी. केवळ कायद्यापुरता काढलेला, थर्ड पार्टी म्हणतात तो विमा आपल्या काचेचे काही देत नाही. सर्वंकष विमा असेल, तर काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, ही त्यातली चांगली बाजू. मात्र सक्तीची वजावट असते. ती सामान्यतः १५०० सी.सी. पर्यंतच्या मोटारीस १००० रुपये आणि त्याहून मोठ्या मोटारीस २००० रुपये इतकी असते. शिवाय दावा केला, की वर्षानुवर्षे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट जाते. पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होणारी ही सूट पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत वाढते. माझी सूट अशी गेली. लहान दुरुस्तीचा खर्च या नुकसानीपुढे किरकोळ ठरला असता. म्हणून विमापत्रात काचेविषयी काय लिहिले आहे, ते खडा बसण्यापूर्वीच एकदा चष्मा लावून वाचून ठेवावे.

एक सूचना खाणींच्या आणि खडी-क्रशरच्या परिसरात राहणाऱ्यांसाठी. काचेवर लाल धूळ बसलेली असताना कोरडा वायपर फिरवू नये. लोहखनिजाचा कण जवळजवळ काचेइतकाच कठीण असतो. कोरड्या वायपरखाली तो खरकागदाचे काम करतो आणि काचेवर धनुष्याकृती चरे उठतात. दिवसा ते दिसत नाहीत, रात्री समोरचा दिवा पडला की दिसतात. आधी पाणी, मग वायपर, हा क्रम ठेवावा. वायपरचे रबर दरवर्षी मृगाआधी बदलावे.

नवी काच बसली त्यालाही आता काही दिवस झाले. आका माहेरपण आटोपून बेळगावास गेली. निघताना तिने माझ्या हातावर साखर ठेवली, त्या रात्रीचा विषय मात्र काढला नाही. तिला परत पोचवताना घाटात त्याच वळणाशी मी गाडी अगदी हळू केली. दिवसाउजेडी ते वळण साधे होते. कडेला म्हशींच्या खुरांच्या खुणा होत्या, दरीतून पाण्याचा आवाज येत होता. तो गुराखी दिसला असता, तर उतरून त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असे मनात होते. काय बोललो असतो, ते मला अजून नीट सुचलेले नाही. कदाचित एवढेच, की बाबा, त्या रात्रीचा तुझा नमस्कार मी परत करायला आलो आहे.

तो दिसला नाही. परवा साखळीजवळ एका ट्रकामागून पुन्हा एक खडा उडाला आणि नव्या काचेच्या वरच्या अंगाला टोचणीएवढा टवका पडला. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले. मी बाजारातून चिकटपट्टी घेतली आणि गाडी तशीच म्हापशाच्या रस्त्याला लावली. त्या दिवशी मंगळवार होता.